अकरा पानं आणि एक दाढ

माणसाला कुठे दुखतंय हे त्याच्यापेक्षा फॉर्मला जास्त कळतं, हे आता सर्व प्रगत कचेऱ्यांनी मान्य केलं आहे. माणूस कण्हतो, मध्येच विषय बदलतो. फॉर्म असला पोरकटपणा करत नाही.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या आरोग्याच्या आणि आधाराच्या गरजा मोजणाऱ्या कचेरीत म्हणूनच अकरा पानी फॉर्म होता. तो दरवर्षी नव्याने भरायचा, कारण जन्मापासूनचं अपंगत्व मधल्या काळात बरं झालं असेल तर कचेरीला अंधारात ठेवून कसं चालेल? (आजवर एकही जण बरा झालेला नाही, पण खात्री शंभर टक्के लोकांबाबत करून घेतली आहे.)

ताई आपल्या त्रेचाळीस वर्षांच्या भावाला घेऊन सकाळी नऊपासून बाकावर बसली होती. चार दिवस तो धड जेवला नव्हता. उजवा गाल टम्म सुजला होता आणि त्यावर तो अधूनमधून स्वतःच चापट मारत होता. दाढ किडली आहे हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही कळलं होतं. पण भूल देऊन दाढ काढायला कचेरीचं पत्र लागत होतं, आणि रोज तीन तास येणारी मदतनीस टिकवायला फॉर्मात कमी गुण. गुण जितके कमी, तितकी मदत जास्त. त्यामुळे वर्षभर 'त्याला सगळं येतं हो' असं लोकांना सांगत फिरणारी ताई आज त्याच्यादेखत त्याला काय काय येत नाही याची यादी घेऊन आली होती. तिला स्वतःची लाज वाटत होती.

तपासनीस साहेब स्वभावाने चांगले होते. त्यांनी प्रश्न थेट भावालाच विचारले (व्यक्तीचा सन्मान, पान दोन).

“स्वयंपाक येतो?”

“हो.”

“बसने एकटे जाता?”

“हो.”

“अहो साहेब, तो सगळ्यालाच हो म्हणतो,” ताई म्हणाली. “हो म्हटलं की माणसं खूश होतात, एवढं त्याला कळलंय. विमान चालवता का, ते विचारून बघा.”

साहेबांनी विचारलं नाही. तो प्रश्न फॉर्मात नव्हता.

मग वेदनामापन. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता समोर आला. भावाने एकेक चेहरा निरखला आणि सर्वांत हसऱ्यावर बोट ठेवलं. “हा छान आहे,” तो म्हणाला आणि त्याने गालावर चापट मारली.

साहेबांनी लिहिलं: वेदना शून्य, सबब पत्राची गरज नाही. जेवण नाकारणे: हट्ट. गालावर मारणे: वर्तनदोष. एकूण गुण चौऱ्याऐंशी. मदतनीस तीन तासांवरून एक तास. ('इतर' असा एक रकाना होता. त्यात 'येथे काही लिहू नये' असं छापलं होतं.)

“त्याचा गाल तरी बघा हो,” ताई म्हणाली.

“दिसतोय ना मला. पण दिसणं वेगळं आणि नोंद होणं वेगळं.”

अखेरचं पान: 'वरील सर्व वाचले, समजले व मान्य आहे.' साहेबांनी सही केली. नऊ वर्षांत त्यांनी ती अकरा पानं कधी सलग वाचली नव्हती. ताईनेही केली, वाचत बसलं तर साहेब चिडतील अशी तिला धास्ती होती. पेन भावाकडे आलं. त्याने फॉर्म पहिल्या पानापासून उलटायला घेतला. प्रत्येक पानावर बोट फिरवत तो शेवटपर्यंत आला.

“माझी दाढ कुठंय?”

“ती यात येत नाही.”

“मग नाही समजलं,” म्हणत त्याने पेन खाली ठेवलं. दिवसभरातला त्याचा हा पहिला नकार.

साहेबांनी सुवाच्य अक्षरात शेरा मारला: 'समज नाही.' नियमाप्रमाणे चाळीस गुण कापले गेले आणि मदतनीस तीन तास कायम राहिली. दाढ पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. ताई भावाचा हात धरून जिना उतरली. हसावं की रडावं तिला कळेना.

तुम्ही मात्र परवाच कुठेतरी 'वाचले, समजले, मान्य आहे' याखाली सही ठोकलीत. सगळं समजलं होतं ना?

हो? ठीक आहे. साहेबांनी लिहून घेतलंय.