सिद्रामअण्णांची चौथी रेकॉर्ड

सिद्रामअण्णा गिऱ्हाइकाला सुताचा भाव सांगण्याआधी इंग्रजी गाणं ऐकवत. तेही तोंडी लावण्यापुरतं नाही, रेकॉर्डची एक पूर्ण बाजू. मधेच उठून गेलेल्या माणसाला ते सूत विकत, पण त्याच्याशी बोलत नसत.

शुक्रवार पेठेत त्यांचं सुताचं दुकान होतं. वर घर, खाली दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत सुताच्या गठ्ठ्यांच्या मधोमध लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेअर. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. मी बार्शीहून सोलापूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलो होतो आणि समोरच्याच घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी रस्त्यापलीकडून हाक मारली.

"मास्तर, इंग्रजी शिकवता व्हय? मग हितं या."

पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि हातात एक कव्हर, ज्यावर पत्र्याची झाडं आणि झाडांना लटकलेली घड्याळं. बँडचं नाव होतं टिन ऑर्चर्ड. मी त्याचं मराठी केलं, पत्र्याची बाग. अण्णांनी मान डोलावली. "नाव हाय की. आता आतलं सांगा. काय म्हणतोय त्यो?"

मी शब्द वाचून अर्थ लावला. एक दीपगृह असतं. त्याला समुद्राचा कंटाळा येतो आणि ते चालायला लागतं.

"मग?"

"मग काही नाही अण्णा. बाजू संपेपर्यंत चालतच राहतं."

"चालू दे की," अण्णा म्हणाले. "आपलं काय जातंय."

त्या बँडच्या चार रेकॉर्डी त्यांच्याकडं होत्या. त्यांचा धाकटा भाऊ शिवू कापडाचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेला होता, त्यानं पाठवलेल्या. दर वर्षी जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला एक पार्सल यायचं. शिवूला तिकडं कुणीतरी हा बँड ऐकवला, त्याला आवडला, आणि आपल्याला आवडतं ते अण्णाला आवडणारच, असं त्यानं गृहीत धरलं. ते बरोबर निघालं.

अण्णांचं मत पक्कं होतं. चौथी सगळ्यात चांगली. माझं म्हणणं, दुसरी. दुसरीत छोटी छोटी गाणी होती, बासरी होती, चाल लक्षात राहायची. चौथीत एका बाजूला एकच गाणं, तेच ते चालणारं दीपगृह.

"दुसरी म्हंजे हातरुमालाचा डझन," अण्णा म्हणत. "एकेक चांगला हाय, न्हाय कोण म्हणतंय? पण थंडीत पांघरणार काय? चौथी चादर हाय, मास्तर. एक सलग ताणा. कुटं गाठ दिसली तर दाखवा."

"पण अण्णा, मधे इतका वेळ नुसता ऑर्गन वाजतो."

"ती किनार हाय. किनारीशिवाय चादर असती का?"

बँडमधल्या लोकांची नावं त्यांना पाठ नव्हती, कामं पाठ होती. ढोलवाल्याबद्दल ते फार आदरानं बोलत. "ह्याला लूमवर बसवा. दिवसभरात एक धागा तुटणार न्हाय." गायकाबद्दल मत बरं नव्हतं. दुपारी पेठेतले सगळे माग चालू असले की विजेचा दाब उतरायचा, रेकॉर्ड हळू फिरायची आणि गायक घसा बसल्यासारखा रडत गायचा. तो मशीनचा दोष आहे, हे मी सांगून पाहिलं. "न्हाय, त्याला सर्दी हाय," असं म्हणून ते प्लेअर बंद करत आणि संध्याकाळी, सर्दी उतरल्यावर, पुन्हा लावत.

वादाला नियम होते. दोन्ही बाजू बसून ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. ऐकताना बोलायचं नाही. चहासुद्धा नंतर. एकदा शेजारचे सायकलवाले सत्तारभाई दारात उभं राहून म्हणाले, "अण्णा, ये गाना है या लूम बिगड गया?" अण्णांनी सुई उचलली, त्यांना आत बसवलं आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. सत्तारभाईंनी अख्खी बाजू ऐकली. उठताना मला हळूच म्हणाले, "मास्टर, तुम पढे-लिखे हो, तुम तो भाग सकते थे."

मी पळत नव्हतो. खरं सांगायचं तर शाळेनंतरचा सगळा वेळ रिकामा होता, आणि वाद झाला की कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळायची. भाकरी अव्वाच्या हातची असे. अव्वा म्हणजे अण्णांची आई. घरात कानडी, त्यामुळं अव्वाचं मराठी जेमतेम. संध्याकाळी ती खाली येऊन सुताच्या गठ्ठ्याला टेकून बसायची आणि आमच्याबरोबर पत्र्याची बाग ऐकायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. चारही कव्हरांना तिनं विभूती लावलेली होती. बाजू संपली की ती एकच गोष्ट विचारायची, शिवूला यातलं कुठलं आवडतं? अण्णा सांगायचे, चौथी.

पाचवी आलीच नव्हती. मी सोलापुरात आल्यानंतर गड्ड्याची यात्रा दोनदा भरली, दोनदा उठली, पार्सल आलं नाही. पत्रही नाही. अव्वा यात्रेतून परत आली की दुकानाच्या पायरीवरूनच विचारायची, "शिवू कळस्यान?" म्हणजे शिवूनं पाठवलं का. आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं, "बँड मोडला अव्वा. आता काय धाडणार त्यो?" अव्वा मान हलवायची. गाणारी माणसं भांडली, वेगळी झाली, तर शिवू तरी काय करील, एवढं तिला पटत होतं.

हे सगळं माझ्यासमोर घडत होतं. आता लिहिताना माझं मलाच कळत नाही की तेव्हा मला कसं समजलं नाही. मला त्यात फक्त चुकीची माहिती दिसत होती. एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं की त्या बँडची पाचवी रेकॉर्ड आली आहे. मी अण्णांना तसं सांगितलं.

"खोटं हाय," ते म्हणाले.

"अण्णा, छापलंय."

"छापणाऱ्याचं काय जातंय."

एरवी ते एका ढोलाच्या ठोक्यावर तासभर वाद घालत. या एका गोष्टीवर ते दोन वाक्यांत उठले आणि सूत मोजायला लागले. मला वाटलं, हरायची भीती. पाचवी ऐकली तर चौथी खाली येईल म्हणून म्हातारा दार लावून बसलाय. मी पंचविशीतला होतो, इंग्रजीचा मास्तर होतो, आणि त्या पेठेत मला एकदा तरी जिंकायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला एका मित्राकडं गेलो. कॅम्पात जुन्या रेकॉर्डींचं दुकान होतं, परदेशी लोक जाताना विकून जात त्यांचं. तिथं ढिगात पाचवी सापडली. कव्हरावर तीच पत्र्याची झाडं, आता पानं गळलेली. मी ती विकत घेतली आणि परतीच्या एस्टीत मांडीवर ठेवून पूर्ण प्रवासभर मनात भाषण तयार केलं. आधी तारीख दाखवायची, मग कव्हर, मग सुई.

स्टँडवरून खोलीवर न जाता थेट दुकानात गेलो. मागच्या खोलीत अण्णा होते, गठ्ठ्याला टेकून अव्वा होती.

"अण्णा," मी म्हणालो, "ही घ्या पाचवी. बँड मोडलेला नाही. दोन वर्षांपूर्वीच काढलीय. मागं छापलंय, वाचून दाखवतो."

अण्णांनी रेकॉर्ड हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. माझं सगळं बोलणं कळलं नसलं तरी झाडं अव्वाला ओळखू येत होती. तिनं कानडीत विचारलं, आणि एवढं कानडी एव्हाना मला कळत होतं, "हे मोडलं होतं ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बँड मोडला होता म्हणून शिवू पाठवत नव्हता. बँड चालू असेल तर न पाठवण्याचं कारण शिवूपाशीच शोधावं लागणार होतं, आणि ते शोधायला मी अव्वाला लावलं होतं. मागच्या गल्लीतले माग चालू होते. मी उभाच होतो, हातात पिशवी, तयार केलेलं भाषण अजून तोंडात.

"परत जमले अव्वा," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीचाच. "भांडण मिटलं त्यांचं. म्हणून शिवूनं लगेच धाडली. मास्तरांच्या नावावर आलीय, त्यांना इंग्रजी येतं की."

अव्वानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "व्हय मास्तर?"

"हो अव्वा," मी म्हणालो.

"आणि काय म्हणतोय?"

मी आयुष्यात मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेला माणूस. मी म्हणालो, "तब्येत चांगली आहे म्हणतोय. कामं फार असतात. तुमची आठवण काढलीय." हे सगळं मी स्वतःहून घातलं, आठवण काढल्याचंसुद्धा. यातलं काही अण्णांनी सांगितलं नव्हतं. हे आजवर मी कुणापाशी बोललो नाही, आणि खोटं बोलल्याचं मला वाईटही वाटत नाही. वाईट वाटतं ते ज्या ऐटीत मी त्या खोलीत शिरलो त्याचं.

अव्वानं विभूतीची डबी मागवली. कव्हर मांडीवर घ्यायला हात पुढे केले. अण्णांनी ते दिलं, पण सोडलं नाही, एका कोपऱ्याला धरून राहिले. मी पाहिलं तर मागच्या बाजूला पुण्याच्या दुकानाचा निळा रबरी शिक्का होता आणि त्यावर त्यांचा अंगठा दाबलेला होता. अव्वाला कुठलीच अक्षरं वाचता येत नव्हती. हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. तरी अंगठा हलला नाही.

विभूती लावून झाल्यावर अव्वानं झाडांवरून बोट फिरवलं. मग अण्णांना विचारलं, ही चांगली आहे, की तुझी ती चौथीच?

रेकॉर्ड अजून कव्हरातच होती. प्लेअरचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"हीच अव्वा," सिद्रामअण्णा म्हणाले. "सगळ्यांत चांगली हीच."