सोवळ्यातला स्नोब्लोअर

"एकनाथ, प्लास्टिक काढू नकोस रे, नवं आहे अजून!"

कमलाबाईंनी हे वाक्य पहिल्यांदा मुलाच्या दप्तराबद्दल उच्चारलं, मग सायकलच्या सीटबद्दल, मग त्याच्या लग्नात आलेल्या सोफ्याबद्दल. कमलाबाई साताऱ्यातच आहेत. वाक्य मात्र मुलाबरोबर मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहायला आलं आहे. (त्याला व्हिसा लागला नाही.)

वस्तू वापरण्यासाठी विकत घेतात, हा एक दूरवर पसरलेला गैरसमज आहे. वस्तू जपण्यासाठी विकत घेतात. वापरायला जुनी असतेच.

याच तत्त्वाला अनुसरून एकनाथने २००६च्या दसऱ्याला स्नोब्लोअर आणला. समोरच्या तोंडाने ड्राइव्हवेवरचा, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरचा, बर्फ खायचा आणि वरच्या सोंडेने बाजूला फेकायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. रंग लालबुंद. सोंड पाहून त्याच्या बायकोचे, नीलांबरीचे, हात आपोआप जोडले गेले. तिने झेंडूचं फूल वाहिलं, कुंकू लावलं. कुंकू एकनाथने लगेच पुसून घेतलं, कारण डाग पडला असता.

एकनाथला रंगातलं कळतं. मोटारींच्या पत्र्यावरचा रंग ऊन, पाऊस आणि मीठ किती सोसतो, हे तपासण्याचाच त्याला पगार मिळतो. (घरच्या वस्तूला यांतलं काहीच सोसायला लावू नये, हा त्याने नोकरीतून काढलेला निष्कर्ष.)

नीलांबरी स्वतः नेमधर्माची. पूजेआधी चहा नाही, सोमवारी मीठ नाही, रोजची पोथी चुकली नाही. पण गॅरेजमधलं सोवळं तिच्या देवघराहून कडक निघालं. यंत्रावर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुनी सोलापुरी चादर, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. देवांनी या पंक्तिभेदाबद्दल तक्रार केली नाही. ते पितळेचे असल्यामुळे मनाने मोठे होते.

शेजारच्या घरात डोरोथी नावाची म्हातारी एकटी राहायची. दर मंगळवारी सकाळी तिला डायलिसिसला न्यायला व्हॅन यायची; डायलिसिसच्या बाकी दोन वारी चर्चमधलं कोणीतरी न्यायचं. ड्राइव्हवेवर बर्फ असला की ड्रायव्हर व्हॅन दारापर्यंत आणायचा नाही, तसा त्यांचा नियमच होता. नीलांबरीने तिला शब्द दिला, "या हिवाळ्यात तुमचा ड्राइव्हवे आमच्याकडे." एकनाथही आनंदाने हो म्हणाला. (ऑक्टोबर होता.)

डिसेंबरात बर्फ पडला. एकनाथने सोवळं सोडून यंत्र बाहेर काढलं, दोन्ही ड्राइव्हवे साफ केले, यंत्र टॉवेलने पुसलं आणि सर्दी होऊ नये म्हणून गरम असतानाच प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून वर चिकटपट्टी मारली. पुढच्या आठवड्यात उघडून पाहतो, तर रंगाला फोड! पापड विस्तवावर धरल्यासारखे. नख लावलं की पापुद्रा हातात.

रंगाच्या इंजिनियरच्या घरी रंगाला फोड, ही बाब आता घरगुती राहिली नाही. चौकशी समिती बसली. सदस्य दोन: एकनाथ आणि त्याचा नागपूरचा मित्र विक्रम.

"अबे, हे तर वाफ कोंडल्यानं झालं ना बे," विक्रम म्हणाला. "कोणी गुंडाळलं होतं हे?"

"ते महत्त्वाचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

समितीचा निष्कर्ष असा: फोड ओलाव्याने आले. ओलावा प्लास्टिकच्या आत अडकला. (इथवर एकमत होतं.) ओलावा मुळात बर्फातून आला. सबब, यंत्र यापुढे बर्फापासून दूर ठेवावं आणि प्लास्टिक दुपदरी करावं.

"बाबा, इट्स अ स्नोब्लोअर," सावनी म्हणाली. ती सातवीत होती आणि तिला भारतीय संस्कृतीची अजून पुरेशी ओळख नव्हती.

"तू आधी शूज काढून आत ये," बाबा म्हणाले.

कंपनीला फोन गेला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "सर, यंत्र बर्फात वापरलं होतं का?"

"एकदाच!" एकनाथ कळवळून म्हणाला. "तेही पुसून घेतलं हो लगेच!"

बाईंनी त्याला बराच वेळ संगीत ऐकवलं. मग सांगितलं की बर्फ ओसरल्यावर आमचा माणूस पाहणीला येईल. तोवर यंत्राला कोणीही हात लावायचा नाही, असा जैसे थे आदेश काढण्यात आला. (कंपनीने नव्हे, एकनाथने.)

जानेवारीतल्या एका मंगळवारी पुन्हा बर्फ साचला होता. एकनाथ पहाटेच उठून फावड्याने आपला ड्राइव्हवे खरवडू लागला. फोडांचे फोटो उन्हात चांगले येतात, त्यासाठी यंत्र बाहेर आणायला हवं, आणि यंत्राला तर बर्फ लागता कामा नये. अशा रीतीने स्नोब्लोअर बाहेर काढण्यासाठी ड्राइव्हवे हाताने साफ करणारं ते गावातलं बहुधा एकमेव घर ठरलं. यंत्र दिमाखात बाहेर आलं. फोटो झकास आले. मागे डोरोथीच्या घरापाशी व्हॅन थांबलेली दिसते. पुढच्या फोटोत ती दिसत नाही.

संध्याकाळी नीलांबरी शेजारी गेली. डोरोथीचे पाय सुजून स्लिपरमध्ये मावत नव्हते. धाप लागत होती. दुसऱ्या दिवशीची वेळ कशीबशी मिळाली होती.

"हनी," ती म्हणाली, "तुमचं मशीन फार सुंदर आहे. ते चालतं का?"

नीलांबरीने ते सुजलेले पाय मांडीवर घेतले. "नेक्स्ट ट्यूसडे," ती म्हणाली. "आय प्रॉमिस."

उपास मोडला तर प्रायश्चित्त पोथीत दिलेलं असतं. शब्द मोडला तर काय करायचं, ते तिने घरी येऊन पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

पुढच्या मंगळवारी उजाडायच्या आत तिची पूजा आटोपली. बाहेर गुडघाभर बर्फ. तिने साडीवर एकनाथचा कोट चढवला, गॅरेजमध्ये जाऊन चादर काढली, दुपदरी प्लास्टिक काढलं, त्याची नीट चौकोनी घडी घालून फळीवर ठेवली (तीही त्याच संस्कृतीतली) आणि दोरी ओढली. यंत्र खोकलं, मग गरजलं. फोडांतून लाल पापुद्रे उडाले आणि पांढऱ्या बर्फावर पडले. इतकं कुंकू त्या गॅरेजने दसऱ्यालाही पाहिलं नव्हतं.

वरची खिडकी उघडली. माकडटोपीतलं डोकं बाहेर आलं. "अगं, रंग! रंग चाललाय सगळा!"

"जाऊ दे हो," नीलांबरी म्हणाली. ती नेहमीसारखी हळूच बोलली, त्यामुळे त्याला काहीच ऐकू गेलं नाही.

वाचकांना एव्हाना एकनाथचं हसू आलं असेल. जरूर हसावं. फक्त हसता हसता हातातला चहाचा कप एकदा पाहावा. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला. सोनेरी काठाचा सेट कपाटात आहे, पाहुण्यांसाठी. (पाहुणे आले की म्हणतात, "अहो, चांगले कप कशाला काढलेत!") तो कप खाली ठेवून, कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते आठवून, राहू दे, पुढच्या दिवाळीला काढू, असं आपण ठरवेपर्यंत नीलांबरी सोंड डावीकडे वळवून डोरोथीच्या ड्राइव्हवेकडे निघालीसुद्धा होती.