ढग जन्माचा की मरणाचा

विज्ञान शिकवायला विज्ञान यावंच लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझा तास बघावा. मी मूळचा फुटबॉलचा कोच. पण आमच्या नेब्रास्कात शाळा नुसता कोच पोसत नाही, एखादा विषयही गळ्यात मारते. माझ्या गळ्यात आठवीचं विज्ञान पडलं. आता मुख्याध्यापिका हॅल्वर्सनबाई तास बघायला येणार होत्या. तास फसला तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर माझी टीमही. जेवण जाईना, झोप येईना.

मी अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेले फोटो छापले. ताऱ्याचा जन्म, तारुण्य, म्हातारपण, मरण. पोरांनी ते क्रमानं दोरीला टांगायचे, म्हणजे मला बोलायचं कामच नाही! पोरं बघून लावतील म्हणून फोटोंखालची नावंही कापून टाकली. डोकं असावं तर असं.

बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. ट्रूडीनं एक रंगीत ढग दोरीच्या सुरुवातीला टांगला. ब्रेंटनं तो काढून शेवटी नेला.

"अगं, हा मेलेल्या ताऱ्याचा धूर आहे."

"धूर तुझ्या डोक्यातून निघतोय. कोच, हा जन्म आहे की मरण?"

मी फोटो उभा धरला, आडवा धरला. जन्माचाही ढगच, मरणाचाही ढगच! मग शिक्षकांच्या शिबिरात घोटून घेतलेलं वाक्य आठवलं.

"तुला काय वाटतं? पुरावा दे."

झालं, वर्गात दोन पार्ट्या पडल्या. पोरं बाकांवर चढली, ढगाची ओढाओढ सुरू झाली. मी येरझाऱ्या घालत "पुरावा, पुरावा" एवढंच म्हणत होतो. घड्याळाचा काटा काही हलेना. शेवटी ट्रूडी वैतागून थेट बाईंकडे गेली.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा."

बाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

"तुला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, आणि घंटा झाली.

पोरं पांगल्यावर बाईंनी माझा हात हातात घेतला.

"कोच, उत्तर ओठांवर असताना गिळून बसायचं म्हणजे खायचं काम नाही. नोकरी पक्की समजा."

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि असा शिक्षक मैदानावर वाया घालवायचा नाही. पुढच्या वर्षीपासून तुम्ही पूर्णवेळ विज्ञान शिकवा. टीमला मी दुसरा कोच बघते."

ट्रूडी अजून दारातच घुटमळत होती. "कोच, आता तरी सांगा ना. तो ढग जन्माचा की मरणाचा?"

"मरणाचा," मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदाच मला खात्री होती.