गुलाबभाऊंच्या रेडिओतली घरं

गुलाबभाऊंना रेडिओत नांदतं घर दिसायचं. वीज ज्यातून येते ते भाग म्हणजे चूल. एरिअलकडचे भाग ओसरी, कारण परगावचा आवाज आधी तिथे टेकतो. आवाज मोठा करणारे माजघर. प्रत्येक व्हॉल्वला, कंडेन्सरला त्यांनी तशी खूण दिलेली: चू-एक, ओ-दोन, मा-तीन.

अकोल्यात कापूस बाजारामागे त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच राहायची खोली. मी शेजारच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. सर्किटचा नकाशा ते स्वतः काढत नसत. "माही रेघ बैलमुतीवानी वाकडीतिकडी जाते, मास्तर," म्हणत आणि डोळे मिटून सांगू लागत, "चू-एकपासून मा-दोन. तिकून मा-तीन. आता चुलीवाल्यांले एका कुंपनात घाला."

मी काढत जायचो. हंगामात कापसाची तुसं उन्हात तरंगत आत येत, तारांना डाग देताना राळेचा वास दरवळे, कुठल्याशा दूरच्या स्टेशनवरची सनई मध्येच विरून जाई आणि पुन्हा येई. कागदावर एकेक कुंपण उभं राही. आपण एखादं गावच वसवतो आहोत असं मला वाटे. शाळेचा तास बुडाला तरी वाईट वाटत नसे.

हे वेड रेडिओपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. गल्लीतल्या एका लग्नात पंगत बसवायचं काम त्यांनी मागून घेतलं. गोडखाऊ एका ओळीत, घाईवाले दुसऱ्या आणि भांडखोर सगळे तिसऱ्या. वरण यायच्या आत तिसऱ्या ओळीतल्या पत्रावळी उडाल्या. गुलाबभाऊ शांतपणे म्हणाले, "गट बराबर व्हते. जोडनी चुकली."

एका हिवाळ्यात त्यांची थोरली बहीण सगुणाबाई नांदगाव खंडेश्वरहून आली. गुलाबभाऊंनी लग्न केलं नव्हतं. त्यांना लहानाचं मोठं केलं ते तिनंच. तिकडे तिचं शेत, मुलगा, सून. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, "गुलाबच्या हातचा रेडिओ ऐकतो अन् जातो."

भाऊ तिच्यासाठी नवा रेडिओ जोडायला बसले. नकाशा मीच काढला. आठवडे गेले, संक्रांत गेली. बाई रोज विचारायच्या, "झाला का रे?" भाऊ रोज म्हणायचे, "नाही बाई, एकाले घरच सापडून नाही राहिलं." एव्हाना खोलीतून भाकरीचा वास येऊ लागला होता. भाऊंच्या सदऱ्याला गुंड्या लागल्या होत्या.

मला शंका आली. बाई नळावर गेल्या असताना मी नकाशा आणि रेडिओ ताडून पाहिले. सगळे भाग जागच्या जागी होते. फक्त लाऊडस्पीकरची एक तार सुटी होती. ती जोडायला मी चिमटा उचलला, तर भाऊंनी माझा हात धरला.

"राहू द्या मास्तर. हा बोलला का बाई जाईन. मंग मी कोनासंगं जेवू?"

एवढ्या हसऱ्या माणसाचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. मी चिमटा खाली ठेवला.

मागे पाहिलं तर दारात बाई. घागर कमरेवर. त्यांनी किती ऐकलं देव जाणे. घागर खाली ठेवून त्यांनी रोजच्यासारखंच विचारलं, "झाला का रे?"

"नाही बाई."

"होईन सावकाश," पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या. "म्या तं कालच सुनेले सांगावा धाडला, मले यायले लय टाइम हाय म्हून."