पाटणकर काका आणि कोळशाचं औषध

पाटणकर काका सकाळी आमचं दार वाजवतात ते राख मागायला. कागदी पिशवी पुढे करून म्हणतात, "केळ्यांची सालं फेकली नाहीस ना? आणि रविवारी गोवऱ्यांवर कणकेचे बाफले भाजलेस, त्या गोवऱ्यांची राख?"

काका इथल्याच बरखेडा भागातल्या कारखान्यात कोळशाच्या प्रयोगशाळेत होते. कोळशातून, लाकूडकाटक्यांतून गॅस लवकर कसा निघेल, याचा शोध घ्यायची नोकरी. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, काकू गेल्या, मुलगी पुण्याला. शोध मात्र इथेच राहिला. केळ्याच्या सालीच्या राखेत पोटॅश असतं, ते कोळशाला लावलं की कोळसा चटकन पेटतो, हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही सांगेन. "कॅटलिस्ट म्हणजे मध्यस्थ गं. काम अडलं की पुढे ढकलतो." कॉलनीत कुणाचं लग्न ठरलं की ते पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतात, "कॅटलिस्ट कोण?" शेजारची रेवा म्हणाली, "कोणी नाही काका, आमचं आम्हीच." काका गंभीर झाले. "म्हणजे आच फार असणार."

कॉलनीच्या गेटापाशी रामकली हातगाडीच्या ठेल्यावर कपडे प्रेस करते. इस्त्री कोळशाची. सकाळी ती ढीगभर काटक्या जाळून कोळसे पेटवायची, तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत धूर जायचा. शेवटी कॉलनीच्या सेक्रेटरींनी तिला सांगितलं, आठ दिवसांत धूर बंद, नाहीतर ठेला दुसरीकडे. वीस वर्षांची जागा. रामकली कुणाशी भांडली नाही.

काकांनी तिचं कोळशाचं पोतंच घरी नेलं. राख पाण्यात कालवली, गाळली, त्यात कोळसे भिजवले. पण धीर कुठला? दुसऱ्याच दिवशी अर्धवट ओले कोळसे तिला दिले. ते असे तडतडले की ठिणगी उडून माझ्या पांढऱ्या कुर्त्याला भोक पडलं. धूर तर पहिल्यापेक्षा जास्त.

"साहब, रहने दो," रामकली म्हणाली. "मैं दूसरी जगह देख लूँगी."

"माझीच घाई झाली," काका म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला त्यांच्या डबेवाल्या बाईंकडून कळलं.

मग पाच दिवस काका गच्चीवर कोळसे वाळवत बसले. एकेक उलटत, पापड उलटावेत तसे. आठव्या सकाळी सेक्रेटरी हाताची घडी घालून उभे राहिले. रामकलीनं मूठभर काटक्या पेटवल्या, वर काकांचे कोळसे ठेवले. थोडा धूर निघाला, विरला. बघता बघता कोळसे लाल झाले. सेक्रेटरी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक है. रहने दो यहीं." रामकलीनं लगेच कोळसे इस्त्रीत भरले. काका चष्मा पुसत होते, बराच वेळ.

परवा मी कपडे द्यायला गेले तर काका तिच्या ठेल्याशेजारी स्टुलावर बसलेले. एकच शर्ट आणलेला, तो रामकली इस्त्री करत होती. ते नळावर पाणी प्यायला गेले तेव्हा रामकली हळूच म्हणाली, "रोज एक ही लाते हैं. मैंने कहा, हफ्ते के इकट्ठे दे दो. बोले, फिर बाकी दिन कहाँ जाऊँगा?"

काका परत येऊन बसले. तिनं इस्त्री झालेल्या त्या शर्टाची कॉलर पुन्हा एकदा सावकाश इस्त्रीखाली घेतली.