खळ्यातली यॉट

वारा समोरून असला की आमचे शेजारी पांडूकाका दुकानात सरळ जात नाहीत. आधी उजवीकडच्या बांधापर्यंत तिरके, मग डावीकडच्या कुंपणापर्यंत तिरके, असं करत पोचतात. नव्या माणसाला वाटतं, गडी सकाळीच लावून आलाय. विचारलं तर काका शांतपणे सांगतात, "वाऱ्याच्या तोंडावर सरळ नाय जायचं. त्याला बगल द्यायची."

काकांचा सगळा जन्म मुंबईला यॉटवर गेला. साहेबलोकांना शिडाच्या होडीतून समुद्रावर फिरवायचं आणि सुट्टी मिळाली की गाडीनं उंबरमाळी स्टेशनला उतरून घर गाठायचं. आता कायमचे आलेत. आल्या आल्या त्यांनी खळ्यातच सागाच्या फळ्यांची यॉट बांधायला घेतली. कौलांच्याही वर जाणारी डोलकाठी, ताडपत्रीचं शीड. आणि पाणी? ते पार डोंगराखाली, धरणात!

काकूंना पाण्याची भारी धास्ती. लहानपणी ओढ्यात वाहून जाता जाता वाचल्या, तेव्हापासून त्या घोट्याच्या वर पाण्यात उतरलेल्या नाहीत.

भात आलं तेव्हा खळं अडलेलं. आता काकू चांगली खरडपट्टी काढणार, म्हणून मी मुद्दाम पडवीत जाऊन बसले. पण त्यांनी मुकाट्यानं भाऱ्यातली पेंढी उचलली आणि यॉटच्या काठावरच झोडायला सुरुवात केली. काकांच्या काळजाचं पाणी झालं. पुढं काकू सूप उंच धरून भात वारवू लागल्या, तर हे होडीतून ओरडतात, वारा फिरतोय, तोंड बदल! मग वारा जास्त कोणाला कळतो यावर दोघांची जुंपली. मी काकूंच्या बाजूची. त्यांचं फोल कधी घरात उडालेलं नाही.

संध्याकाळी दिवा लावला की दोघं यॉटमध्ये बसतात. काका सुकाणू धरून हळू आवाजात सांगत राहतात, आता लाट येतेय, आता वळायचं. शिडाची आडवी काठी फिरली की काकू चहा सांभाळत डोकं खाली घेतात. थंडीत धुकं शेतावरून खळ्यापर्यंत चढतं. मग होडीखालची जमीन दिसेनाशी होते, आणि देवाशप्पथ, ती तरंगते.

परवा पाड्यातल्या मंडळींनी हौसेनं टेम्पो आणला. यॉट धरणात सोडायची! नारळ फुटला. काकूंनी होडीला हळदकुंकू लावलं, काकांच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी बोट ओलं करून वर धरलं. बराच वेळ धरलं.

"आज वारा बरोबर नाय," म्हणाले.

टेम्पो रिकामा गेला. लोक नको नको ते बोलले. मीही संध्याकाळी त्यांना फैलावर घ्यायला गेले. अहो, सागाची पानं सळसळत होती, याहून चांगला वारा कुठला हवा होता?

काका दोर गुंडाळत होते. "वारा झ्याक व्हता गो," ते म्हणाले. "पण जन्मभर दुसऱ्यांच्या बायकापोरांना फिरवलं. ही इथं एकटी. आता मी पाण्यात गेलो, तर हिला परत काठावरच ठेवायचं ना?"

मी दोराचं दुसरं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

तेवढ्यात काकू चहाचे दोन कप घेऊन आल्या. काकांच्या हाताचा आधार घेत होडीत चढल्या, लुगडं सावरून नीट बसल्या आणि त्यांना विचारलं,

"आज कुठवर?"