अंगाई चारशे जणींना

"वहिनी, विकत घेतलेली अंगाई तुमच्यापुरती. ती वाटत सुटायचं नाही," असं वकील नणंदेनं छकुलीच्या आईला बजावलं होतं.

"काहीतरीच काय, वन्सं. पुस्तक नाही का आपण शेजारी वाचायला देत?"

"पुस्तक दिलं की आपल्याकडे उरत नाही. गाणं देऊनही उरतं, तीच तर गोम आहे."

छकुलीच्या आईनं हे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. छकुली सात महिन्यांत पहिल्यांदाच सलग तीन तास झोपली होती! अंगाईच तशी होती. दुसऱ्या कडव्याला छकुली झोपायची आणि पहिल्याच कडव्याला नवरा, तोही हातात चहाचा कप धरून. आई तेवढी जागी, दर दहा मिनिटांनी लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासत.

एवढं सुख एकटीनं काय भोगायचं, म्हणून तिनं अंगाई आयांच्या ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये चारशे जणी. लगेच आशीर्वाद बरसू लागले. ठकीच्या आईनं कळवलं, "आमच्या सासूबाईसुद्धा झोपल्या गं. फार उपकार झाले."

मग कधीच तोंड न उघडणारी बोक्याची आई उगवली. "हे मी गायलंय."

छकुलीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तडक अंगाई पुसली, "चुकून गेली हं, काढली," असं लिहिलं आणि सुस्कारा सोडला.

"कुठे काढलीस? इथंच आहे की," ठकीची आई म्हणाली. "मी माहेरच्या ग्रुपवर पण टाकली."

फोननं विचारलं होतं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? घाईत तिनं दुसरं दाबलं होतं. वर स्वतःच्या फोनमधली फाईलही उडवली होती.

नणंदेनं तिला हात जोडले. "अभिनंदन, वहिनी. आता ती सगळ्यांकडे आहे, फक्त तुमच्याकडे नाही."

"वन्सं, तुरुंगात तान्ह्या मुलीला सोबत नेता येतं का हो?"

"आधी माफी मागायला जा."

बोक्याची आई मागच्याच गल्लीत राहायची. भिंतींना गाद्या ठोकलेल्या छोट्या खोलीत ती गाणी रेकॉर्ड करायची.

"कोर्टकचेरीला वेळ कुठंय मला," ती म्हणाली. "घर या अंगायांवर चालतं, आणि पुढची अडकून पडलीय. मी तोंड उघडलं की बोक्या भोकाड पसरतो. तुम्ही सगळ्याजणींना ती पुसायला लावा. हवी तिनं विकत घ्यावी. आणि शनिवारी तासभर बोक्याला सांभाळा."

एवढ्यावर सुटका? छकुलीची आई तरंगतच घरी आली. आठ दिवस तिनं एकेकीच्या हातापाया पडून अंगाई पुसायला लावली. स्वतः नव्यानं विकत घेतली.

शनिवारी नेमकं छकुलीचं अंग कोमट लागलं, म्हणून तिनं नवऱ्याला धाडलं. "बोक्याला मांडीवर घेऊन बसायचं, फोन बंद, आणि त्या आत गातील." तो दोनला गेला. आता चार वाजले. आत्ता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडलाय की तिथे अंगाई चालू आहे, आणि भिंती काही एवढ्या जाड नाहीत.

तिला उठता येत नाही, छकुली खांद्यावर झोपलीय. तेव्हा मागच्या गल्लीत कुणी राहत असाल, तर जरा डोकावून या. नवऱ्याला सावकाश उठवा. आधी बोक्या कुठे आहे ते बघा. आणि झोपला असेल, तर तेवढं नाकाखाली बोट धरून बघाल?